साधा वर्तमानकाळ शिकवताना रोजच्या सवयींपासूनच सुरुवात करावी का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात संध्याकाळी बायकांसाठी बोलायच्या इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही, हजेरी नाही, जिला जमेल ती येते. एक पोळीभाजी केंद्र चालवते, एकीचं पार्लर आहे, दोघी हॉस्पिटलात हाउसकीपिंगला आहेत, बाकीच्या घरीच असतात. मुलांच्या शाळेतल्या मीटिंगला बाईंशी चार वाक्यं बोलता यावीत, दुकानात, बँकेत अडू नये, एवढीच बहुतेकींची अपेक्षा.

सध्या साधा वर्तमानकाळ चालू आहे. सगळ्या पुस्तकांत तो दिनचर्येनेच सुरू होतो, आय गेट अप ॲट सिक्स, आय ब्रश माय टीथ, आय हॅव ब्रेकफास्ट. पाठ पटकन होतं, म्हणायला मजाही येते. पण एका रांगेत बसलेल्या सगळ्याजणी सहालाच उठतात आणि ब्रेकफास्ट करतात, आणि खरं तर आमच्याकडे नळाला पाणी पावणेपाचला येतं, सहाला कुणीच उठत नाही! म्हणजे त्या स्वतःबद्दल बोलतच नाहीयेत, पुस्तकातल्या बाईबद्दल बोलतायत. आणि पाठ केलेलं सोडून स्वतःचं वाक्य करायला सांगितलं की लगेच 'आय एम गेटिंग अप डेली'. शिवाय सगळी वाक्यं आय ने सुरू होतात त्यामुळे शी आणि ही चा एस येतो तेव्हा बसलेली घडी परत विस्कटते.

तर दोन प्रश्न. दिनचर्येनेच सुरुवात करावी का दुसरं काही आहे? आणि तो एस पहिल्याच दिवशी आणायचा की आय-यू पक्कं झाल्यावर? ज्यांनी शिकवलंय आणि ज्यांनी मोठेपणी शिकलंय अशा दोघांनीही सांगा प्लीज.

हडपसरचा_अभि
ताई, सवयी वगैरे ठीक आहे पण आधी टेबल पाठ करून घ्या. आय वुई यू दे ला नुसतं क्रियापद, ही शी इट ला एस. पाचवीत आमच्या सरांनी रोज म्हणून घेतलं होतं पाढ्यासारखं. अजून झोपेत विचारलं तरी सांगेन. आज ऑफिसात दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो, काही अडत नाही.

मिरजकरीण
मेल लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं ओ अभि. लिहिताना मागे जाऊन एस चिकटवता येतो, बोलताना तोंडातून गेलं की गेलं. टेबल मलाही पाठ होतं आणि कॉलेजात पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा टेबल डोक्यात आणि शब्द घशात.

जुना_मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं, दोन्ही पद्धतींची मुलं माझ्या हाताखालून गेली. माझं मत असं की इंग्रजीच्या आधी मराठीकडे बघायला लावा. हा फरक आपल्याला नवा नाहीच. 'मी चहा पिते' आणि 'मी चहा पितेय' यात कुठलीही बाई गोंधळत नाही. पाहुण्याला आपण 'तुम्ही चहा पिता का' विचारतो तेव्हा सवय विचारतो, 'चहा पिताय का' म्हटलं की समोरचा कप. नकारात पण बघा, 'पीत नाही' आणि 'पीत नाहीये'. म्हणजे तो य आला की तिथे आय एम आणि इंग, य नसला की साधं ड्रिंक. मी फळ्यावर दोनच रकाने करायचो आणि मुलांना मराठी वाक्यं द्यायचो, नुसतं कुठल्या रकान्यात ते सांगा. इंग्रजीचा एक शब्द न बोलता अर्धं काम व्हायचं.

आता 'आय एम गेटिंग अप डेली' का येतं? कारण आपण पहिल्या आठवड्यात आय एम अ गर्ल, आय एम फाइन, आय एम फ्रॉम नाशिक असं इतकं घोटून घेतो की आय च्या मागे एम येणारच अशी जीभ तयार होते. मग एम आला म्हणून इंग पण येतो. शिकणारीचा दोष नाही त्यात, क्रम आपण ठरवलेला असतो. ज्या दिवशी आय एम शिकवाल त्याच दिवशी आय लाइक, आय लिव्ह, आय वर्क अशी दोनचार बिनएमची वाक्यं पण द्या. आय एम फ्रॉम सिन्नर, आय लिव्ह इन नाशिकरोड. जोडीने.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, आमच्या नागपूरकडे तर हे अजूनच सोप्पं. 'काय करून राहिली?' 'पोळ्या करून राहिली.' राहिली आलं की इंग. 'ती पोळ्या करते' म्हटलं की तिचं रोजचं काम. माझ्या पुतणीला मी असंच शिकवलं, जिथं जिथं राहिलो-राहिली तिथं इंग, बाकी ठिकाणी नाही, एका संध्याकाळी समजलं पोरीला.

मिरजकरीण
मास्तरांची युक्ती छान आहे पण एका ठिकाणी अडते. मराठीत आपण 'उद्या येते' पण म्हणतो, तिथे य नाही आणि सवय पण नाही. आमच्या क्लासमधल्या एक काकू वर्ग सुटला की दारातून 'टीचर, आय कम!' म्हणून निघून जायच्या. नव्या बाई बिचाऱ्या खडू हातात धरून वाट बघत बसायच्या काकू परत यायची :)

जुना_मास्तर
@मिरजकरीण बरोबर आहे. 'येते' ला तिसरा रकाना लागतो, पण तो नंतर. पहिल्या दिवशी वाक्यात 'रोज', 'दर सोमवारी', 'कधी कधी' घालूनच द्यायचं म्हणजे उद्याचा प्रश्न येत नाही.

दूरदेशी
श्टुटगार्टहून. विषयाला थोडं सोडून पण सांगावंसं वाटतं. जर्मनमध्ये इंग वालं रूपच नाही, 'इख त्रिंके टे' म्हणजे पिते पण आणि आत्ता पितेय पण. त्यामुळे इथल्या लोकांना इंग्रजी शिकताना उलटा त्रास होतो, इंग लावायचं तिथे लावत नाहीत. आपल्याकडे दोन रूपं वेगळी आहेत हे किती सोयीचं आहे ते इथे आल्यावर कळलं.

आणि एस बद्दल, मराठीत एकवचनात 'मी जातो' आणि 'तो जातो' सारखंच, बाई बोलत असेल तर 'मी जाते, ती जाते' सारखंच. बदलतं ते तू ला, 'तू जातेस'. म्हणजे आपला स तू ला लागतो आणि इंग्रजीचा तो-ती ला. जर्मन पण आपल्या बाजूने आहे, डू गेस्ट, तिथेही तू लाच स्ट. मला इंग्रजीचा नियम असा लक्षात राहिला की आपला तू चा स उचलून तिच्या पदरात टाकायचा.

गोदाकाठ
दूरदेशी, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच वापरते. तू जातेस, शी गोज. मस्त.

नॉरविचची_पाहुणी
मी इंग्लंडात नॉरविचला राहते. एस बद्दल इतकं घाबरू नका असं मला वाटतं. इथे म्हातारी मंडळी बोलीत सर्रास 'शी गो', 'ही लाइक दॅट' म्हणतात, नॉरफोक-सफोकची जुनी बोलीच आहे तशी. माझी शेजारीण अख्खा जन्म इथेच राहिलीय आणि तिच्या बोलण्यात एस शोधावा लागतो. कुणी तिला अडाणी म्हणत नाही.

हडपसरचा_अभि
पाहुणी ताई, त्यांना म्हणत नाहीत, आपल्याला म्हणतात. इंटरव्ह्यूत 'माय फादर वर्क इन एमआयडीसी' म्हटलं की समोरच्याची भुवई वर जाते, मी बघितलंय. गरिबाच्या पोराला तर एस जास्तच पक्का पाहिजे. चालतंय म्हणून सोडून दिलं तर नुकसान त्याचंच होतं.

भाषाभ्रमण
दोघांचंही बरोबर आहे आणि त्यातून वाट निघते. मी भाषाविज्ञान शिकतेय म्हणून थोडं लांब लिहिते. रॉजर ब्राउन नावाच्या अभ्यासकाने तीन अमेरिकन मुलांची बोली मोठी होताना टिपली होती, १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की इंग लवकर येतो, अनेकवचनाचा एस पण लवकर, कॅट्स डॉग्स वगैरे, पण शी गोज मधला एस बराच उशिरा येतो. आवाज तोच, अक्षर तेच, तरी. पुढच्याच वर्षी डुले आणि बर्ट यांनी स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, घरची भाषा इतकी वेगळी तरी या गोष्टी येण्याचा क्रम दोन्हीकडे साधारण सारखाच निघाला. या अभ्यासांवर नंतर आक्षेपही बरेच घेतले गेले, पण एस उशिरा बसतो हे कुठलाही शिकवणारा सांगेल.

का उशिरा? कारण त्याच्यावाचून अडत नाही. शी म्हटल्यावरच कळलं की ती, एस ने नवीन काही कळत नाही. अनेकवचनाचा एस काढला तर मात्र एक की दोन तेच कळत नाही. त्यामुळे गोदाकाठ ताई, माझं म्हणणं, एस पहिल्या दिवसापासून कानावर पडू दे, तुम्ही स्वतः नेहमी लावून बोला, पण त्यांनी नाही लावला म्हणून वाक्य मध्येच तोडू नका. अभि म्हणतात तसा पक्का करायचाच आहे, फक्त पहिल्या महिन्यात तो पक्का होईल ही अपेक्षा धरू नका.

सांगोल्याची_बाई
मी चौथी-पाचवीला शिकवते. नियम सांगण्यापेक्षा एस हातात द्या. मी काय करते, पुठ्ठ्याच्या पाट्या. चार मुलं पुढे उभी, एकाकडे 'शी', एकाकडे 'लाइक', एकाकडे 'मँगोज', आणि लाल रंगाच्या एस ची छोटी पाटी, ती लाइक वाल्याच्या हातात. शी लाइक्स मँगोज. आता प्रश्न करायचा. चौथा मुलगा 'डू' ची पाटी घेऊन बाजूला थांबलेला असतो, तो धावत येऊन शी च्या पुढे उभा राहतो आणि जाता जाता लाइक वाल्याच्या हातातला एस काढून घेतो. डझ शी लाइक मँगोज? लाइक वाला रिकाम्या हाताने उभा. पोरं आरडाओरडा करतात, चोर चोर म्हणून. नकाराला पण तेच, डझंट येतो आणि एस घेऊन जातो. वर्गात लाल एस एकच ठेवलाय मी मुद्दाम. कुणी 'डझ शी लाइक्स' म्हटलं की दुसरं पोरगंच ओरडतं, दुसरा एस कुठून आणला रे?

मोठ्या बायकांना उभं राहायला लाजल्यासारखं होत असेल तर टेबलावर चिठ्ठ्या सरकवून पण होतं.

भाषाभ्रमण
सांगोल्याची बाई, हे फार म्हणजे फार आवडलं. आमच्या प्राध्यापकांना दाखवणार आहे.

एसटीप्रेमी
सवयी फक्त माणसांनाच असतात का? गाड्यांना पण असतात. डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन. संध्याकाळी शी लीव्ह्ज मुंबई ॲट फाइव्ह टेन. राणी आहे म्हणून शी. १९३० पासूनची सवय आहे तिची. एसटी स्टँडवरचा बोर्ड बघून वाक्यं करायला लावा, ॲट पण पक्का होतो आणि एस पण.

वऱ्हाडी_ठेचा
आणि क्रिकेटची कॉमेंट्री! बुमराह रन्स इन, बोल्स, कोहली ड्राइव्ह्ज. सगळा साधा वर्तमानकाळ आणि सगळीकडे एस. पोरांना शिकवायचंच काम नाही.

जुना_मास्तर
कॉमेंट्री नको रे बाबा सुरुवातीला. ती सवय नाही, डोळ्यासमोर घडतंय ते आहे. आत्ताच इंग आणि साधं वेगळं करतोय, त्यात हे घातलं तर शिकणारा विचारणार की आत्ता चाललंय तर इंग का नाही, आणि त्याचं विचारणं रास्त आहे. गाडीचं वेळापत्रक चालेल, ते रोजचं आहे.

एसटीप्रेमी
डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये चीज टोस्ट खात खात शिकवणार असाल तर मी पण येतो वर्गाला.

मिरजकरीण
टोस्टवर वेगळा धागा काढा, तिथे येते मी. (येते म्हणजे खरंच येते.)

मूळ प्रश्नाबद्दल मला असं वाटतं की दिनचर्या वाईट नाही, घड्याळ वाईट आहे. सगळं ॲट सिक्स, ॲट सेव्हन, ॲट एट. आपल्या सवयी तेवढ्याच नसतात ना. आठवड्याच्या असतात, ऑन वेन्सडे आय गो टू द बाजार. महिन्याच्या असतात, आय फास्ट ऑन चतुर्थी. वर्षाच्या असतात, माय फादर-इन-लॉ वॉक्स टू पंढरपूर एव्हरी इयर, एव्हरी मे वुई मेक पापड. ॲट, ऑन सगळं त्यातच येऊन जातं. आणि नेव्हर! पुस्तकात नेव्हर शेवटच्या पानावर असतो, तो पहिल्या दिवशी आणा. बायकांना नेव्हर ने जेवढं बोलायचं असतं तेवढं ऑलवेज ने पण नसतं. फक्त जागा दाखवून ठेवा, आय नेव्हर ईट, क्रियापदाच्या आधी, पण आय एम नेव्हर लेट, एम च्या नंतर.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांचे दोन रकाने आणि मिरजकरीणच्या सवयी असं मिळून काल घेतलं. पाणी भरणं, दळण, बचतगटाची मीटिंग, गुरुवारचा मठ, सगळं आलं. 'आय फिल वॉटर ॲट फोर फॉर्टी-फाइव्ह' हे वाक्य सगळ्यांनी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या व्यायामशाळेतली मुलं डोकावून गेली.

मग मी म्हटलं आता स्वतःबद्दल पुरे, घरातल्या एका माणसाबद्दल सांगा, ऑलवेज किंवा नेव्हर वापरून. आणि खरंच, एरवी आवाज न काढणाऱ्या पण बोलायला लागल्या. पोळीभाजीवाल्या ताई म्हणाल्या, माय सासू वॉचेस सीरियल. ऑलवेज वॉचेस. शी नेव्हर वॉश कप. तर मागच्या दोघी एकदम, वॉशेस! वॉशेस! मी तोंड उघडायच्या आत. वॉचेस मधला इझ ऐकू येतो ना स्पष्ट, म्हणून तो आधी बसला आणि त्याच्या पाठोपाठ वॉशेस आला असं मला वाटतं. याउलट वर्क्स, कुक्स मधला स जिभेवरच विरतो. म्हणून आता वॉचेस, वॉशेस, टीचेस, ब्रशेस अशी ऐकू येणारी आधी घेणार, मग गोज, रीड्स सारखी झ च्या आवाजाची, आणि वर्क्स, कुक्स सगळ्यात शेवटी.

निळावंती
गोदाकाठ, वाचून खूप छान वाटलं. एक गोष्ट सांगते, रागावू नका. मीही वस्तीत असाच वर्ग घेते. घरातल्या माणसाबद्दल सांगा म्हटल्यावर एकीने शांतपणे 'माय हजबंड ड्रिंक्स एव्हरी डे' म्हटलं. वाक्य अगदी बरोबर होतं, एस सकट. वर्ग गप्प झाला आणि तिची मान खाली गेली. तिला दुसरं वाक्य येत नव्हतं असं नाही, पण सवय विचारली की जी खरी आहे तीच आधी तोंडात येते. त्यानंतर मी नेहमी निवड ठेवते, घरातलं कुणी, शेजारचं कुणी, भाजीवाला, रिक्षावाले काका, किंवा मनातली एखादी बाई जिला आपणच नाव आणि सवयी द्यायच्या. एकदा सगळ्यांनी मिळून अशी एक बाई केली होती, शी स्लीप्स टिल नाइन, शी नेव्हर कुक्स, शी गोज टू महाबळेश्वर एव्हरी संडे. पुढचे कितीतरी तास तीच बाई चालली, बाजारात गेली, बँकेत गेली, भांडली. तिच्यावर एस पक्का झाला आमचा.

आणि ज्या बाईने नवऱ्याबद्दल सांगितलं होतं तिच्याशी वर्गानंतर बोलले. ते इंग्रजीपेक्षा महत्त्वाचं होतं, ते इथे लिहीत नाही.

गोदाकाठ
रागवेन कशाला, उलट वेळेवर सांगितलंत. मनातली बाई नक्की करणार. घरचं सांगायचं की नाही हे जिचं तिने ठरवायचं.

हडपसरचा_अभि
निळावंतींचं वाचून टेबलाबद्दल आता काही बोलत नाही. फक्त शेवटी कधीतरी एकदा टेबल दाखवा, म्हणजे इतके दिवस बोललो ते सगळं एका जागी आहे हे त्यांना दिसेल. आधी नको, शेवटी.

जुना_मास्तर
अभिने शेवटी टेबल मागितलं ते योग्य आहे. नियम नावडता असतो तो आधी आल्यामुळे. ओळखीच्या वाक्यांवर बेतून आला की मोठ्या माणसाला तो हवासाच वाटतो.

नॉरविचची_पाहुणी
गोदाकाठ, एकमेकींना विचारायचे प्रश्न असतील तर इथे टाका ना. इथल्या आमच्या मंडळात पुण्या-साताऱ्याहून मुलांकडे आलेल्या आजी असतात, त्यांना नर्सशी आणि फार्मसीत बोलायला लागतं. डू यू टेक एनी मेडिसिन्स असं विचारलं की 'येस, आय एम टेकिंग' म्हणतात आणि नर्सला वाटतं आत्ता चालू असलेला कोर्स आहे, रोजची बीपीची गोळी तिच्या लक्षातच येत नाही. त्यांना 'आय टेक इट एव्हरी डे' एवढं आलं तरी पुष्कळ.

गोदाकाठ
हे तर फारच महत्त्वाचं आहे, आमच्या हॉस्पिटलवाल्या दोघींनाही घेते. प्रश्न असे काढलेत, प्रत्येकीने तिघींना विचारायचे आणि मग त्यांच्याबद्दल शी ने वर्गाला सांगायचं.

डू यू ड्रिंक टी ऑर कॉफी? व्हॉट टाइम डझ युअर वॉटर कम? डू यू फास्ट? ऑन व्हिच डे? हू मेक्स टी इन युअर हाउस? डू यू टेक मेडिसिन एव्हरी डे? व्हेअर डू यू बाय व्हेजिटेबल्स? व्हॉट डू यू नेव्हर ईट?

'हू मेक्स टी' मध्ये डझ का नाही असं कुणीतरी विचारणारच आहे, त्याचं सोपं उत्तर कुणाकडे आहे का?

सांगोल्याची_बाई
आहे. पाट्याच वापरा. हू ची पाटी शी च्या जागेवर येऊन उभी राहते, बाकी कुणी हलत नाही. शी मेक्स टी, हू मेक्स टी. कुणी हललंच नाही तर डू ला आत शिरायला जागा नाही, म्हणून एस मेक कडेच राहतो. पण 'व्हॉट डझ शी मेक' मध्ये शी जागेवर उभी आहे, म्हणून डू ला तिच्या पुढे यावं लागतं आणि एस त्याच्याकडे जातो. दोन्ही वाक्यं लागोपाठ उभी करून दाखवा, माझ्या चौथीच्या पोरांना कळतं.